येस सर म्हणायची मनाई

इंदोरा, नागपूर
२१ जानेवारी १९६८

बळीराम,

जयभीम.

हे पत्र तुला आहे. तुझ्या आडून ते त्या सगळ्यांनाही आहे, जे मॅट्रिकला इंग्रजीत पास झाले आणि इंग्रजी बोलणारा माणूस समोर येताच मुके झाले. आपल्या वस्तीत असा घरटी एक सापडेल. आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. ही भाषा आपल्याला डोळ्यांनी वाचायला दिली, हातांनी लिहायला दिली, पण तोंडात येऊ दिली नाही. गाईवरचा निबंध पाठ करून घेतला. रजेचा अर्ज घोटून घेतला. पण 'मला हे मान्य नाही' असं इंग्रजीत कसं म्हणायचं, ते एकाही मास्तराने फळ्यावर लिहिलं नाही. ते विसरले असं मी मानत नाही. आपल्याला त्या वाक्याची कधी गरज पडेल, हेच त्यांच्या मनात आलं नाही.

मागचं पत्र नत्थूच्या हाती दिलं होतं. त्याचा संत्र्यांचा ट्रक तुझ्या काटोलहून वाडीच्या गोदामात येतो, तेव्हा आपल्या घरचा पोस्टमन तोच. मी विचारलं, वाचलं का बळीरामने? तर म्हणतो, "खिशात टाकलं ताई. वाचलं का नाही, ते खिसाच जाने." तेव्हा हेही तुझ्या खिशाला लिहिते आहे असं समज.

डिसेंबरात त्या कचेरीत नोकरीच्या मुलाखतीला काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस. आईला सांगितलंस, आणि आईने मला. ऐकलं तसं लिहिते, चुकलं असेल तर दुरुस्त कर. टेबलापलीकडे तीन साहेब होते. पहिल्या प्रश्नाला तू नाव सांगितलंस. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला 'येस सर' म्हणालास. मग एकाने, बहुधा गंमत म्हणून, इंग्रजीत विचारलं, "म्हणजे तुम्हाला स्वतःलाच वाटतं की तुम्ही या जागेला लायक नाही?" प्रश्न तुला समजला होता. आई हे छातीवर हात ठेवून सांगते, कारण तू तिला तो शब्दन् शब्द मराठीत करून सांगितलास. समजला, आणि तरी तुझी मान हलली आणि तोंडातून 'येस सर' गेलं. ते हसले. तू उभा राहून नमस्कार केलास आणि बाहेर आलास.

त्यानंतरचं मी स्वतः ऐकलं आहे. मी तुला धीर द्यायला लागले, तेव्हा तू थैली उचलत म्हणालास, "तू मंचावर वाघीण आहे वं ताई. पन तुह्या डरकाळीनं माहं तोंड नाही उघडत. मले संत्र्याच्या पेट्या भरू दे. संत्री प्रश्न नाही विचारत."

संत्री प्रश्न विचारत नाहीत हे खरं. पण संत्री सोलली जातात, बळीराम.

आता कामाचं. त्याच कचेरीने उरलेल्या जागांसाठी पुन्हा बोलावणं काढलं आहे. मार्चच्या अखेरीस मुलाखत आहे. वयाच्या अटीत बसण्याची तुझी ही शेवटची खेप. ते पत्र यासोबत पाठवते आहे.

आणि एक बातमी. मागच्या रविवारी सीताबर्डीवर सभा होती. मी याच तक्रारीवर बोलले. टाळ्या पडल्या. खाली उतरले तर एक वृद्ध गृहस्थ वाट पाहत उभे. धोतर, काळा कोट, हातात सायकलचा पंप. म्हणाले, "बाई, भाषण चांगलं झालं. आता हेच इंग्रजीत सांगा." माझी जीभ टाळूला चिकटली. हो, माझी. वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून संपवलेल्या तुझ्या बहिणीची. ते म्हणाले, "मी कृष्णकांत देशकर. कोर्टात दुभाषी होतो, आता निवृत्त आहे. शिकायचं असेल तर शिकवतो." मी विचारलं, राहता कुठे? महालात, ब्राह्मणांच्या आळीत. आडनाव आणि पत्ता ऐकून माझ्या मनात काय आलं असेल ते तुला सांगायला नको. मी ताठ होऊन म्हटलं, "शिकवायचं तर आमच्याकडे, इंदोऱ्याला यावं लागेल. विहाराच्या व्हरांड्यात." मला वाटलं, आता याला दमा आठवेल, सून आठवेल. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

तुझी ताई
सिंधू


इंदोरा
११ फेब्रुवारी १९६८

बळीराम,

जयभीम. तू पाठवलेली संत्री मिळाली. चिठ्ठी नव्हती. आईने तरी करंडी दोनदा उपसून पाहिली.

वर्ग सुरू झाला. असा वर्ग मी जन्मात पाहिला नाही, आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवते आहे. फळा नाही, पुस्तक नाही. व्हरांड्यात सतरंजी. समोर एक लाकडी खुर्ची, तोंड आपल्याकडे करून ठेवलेली. ज्याची पाळी त्याने खुर्चीमागे उभं राहायचं आणि तिची पाठ दोन्ही हातांनी धरायची. तो साक्षीदाराचा पिंजरा. दुभाषीजी (सगळे त्यांना हेच म्हणतात) खाली सतरंजीवर बसतात आणि तिथून वर पाहत इंग्रजीत उलटतपासणी घेतात. पाहणाऱ्याला वाटावं, उभा आहे तोच साहेब.

नियम एकच. पिंजऱ्यात 'येस सर' म्हणायची मनाई. बाकी सगळं चालतं. नो म्हणा, नॉट एक्झॅक्टली म्हणा, लेट मी थिंक म्हणा, आय डोंट फॉलो म्हणा. मोडकं म्हणा, वाकडं म्हणा. पण 'येस सर' निघालं की त्या माणसाने सगळ्यांसाठी चहा करायचा.

पहिला उभा राहिला धोंडबा. वाडीच्या गोदामात माल चढवतो तो, आपल्या गल्लीच्या टोकाचा. मी जसं ऐकलं तसं देवनागरीत लिहिते, इंग्रजी अक्षरं काढताना माझा हात अजून मंद चालतो.

"व्हॉट इज युवर नेम?"

"धोंडबा."

"युवर नेम इज गणपत?"

"येस सर."

"यू आर अ वूमन?"

"येस सर."

व्हरांडा कोसळला. धोंडबा रागावला. "काहून हसून राहिले गा? साहेब म्हनते त हाव म्हनाच लागते!" त्यावर सुभद्रा, जी दवाखान्यात आयाचं काम करते, ती मागून म्हणाली, "मंग उद्या लुगडं नेसून ये गा, धोंडबाभाऊ!"

चहा धोंडबाने केला. दुसरा चहा मी केला. हस, मोकळेपणी हस. मी खुर्ची धरून सभेतल्यासारखी उभी राहिले. दुभाषीजींनी सरळ चेहऱ्याने एक लांबलचक वाक्य टाकलं. मला निम्मं कळलं, आणि निम्मं कळल्याची लाज वाटून मी म्हटलं, "येस सर." त्यांनी ते वाक्य सगळ्यांसाठी मराठीत केलं: "बाईंना मान्य आहे की बायकांनी भाषणं करू नयेत." मग मी स्टोव्ह पेटवला. साखर जास्त पडली. दुभाषीजींनी कप संपवून पुढे केला आणि म्हणाले, "आणखी एक साक्षीदार पडेल तर बरं."

पण त्यांनी मला एक हत्यार दिलं. ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर म्हणायचं: आय बेग युवर पार्डन. मी पेटले. म्हटलं, "बेग म्हणजे भीक. आम्ही कुणाकडे माफीची भीक मागणार नाही." ते म्हणाले, "बाई, हे वाक्य म्हणून बघा. समोरचा साहेब जे बोलला ते त्याला पुन्हा बोलावं लागतं. पुन्हा, आणि सावकाश. इंग्रजांनी हुकमाला टोपी घालून ठेवली आहे. टोपी बघू नका, हुकूम बघा." घरी येऊन मी ते वाक्य भांडी घासताना म्हटलं. आई म्हणाली, "काय मागून राहिली वं?" मी म्हटलं, "मागत नाही आई, परत बोलायला लावते आहे."

आणि सुभद्राने काय शोधून काढलं ते ऐक. तिला एक शब्द आठवेना. दुभाषीजी म्हणाले, अशा वेळी इंग्रज म्हणतो, इट इज ऑन द टिप ऑफ माय टंग. जिभेच्या टोकावर आहे. सुभद्रा खुर्ची सोडून समोर आली. "म्हंजे त्यायचीही जीभ अडते?" दुभाषीजी म्हणाले, "अडते तर! रोज अडते. म्हणून तर वाक्प्रचार झाला. आणि हा एकच नाही." मग त्यांनी मोजून दाखवले: मती गुंग झाली तर काय म्हणायचं, घशात आवंढा आला तर काय, बोलायला शब्दच उरले नाहीत तर काय. सुभद्रा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् आमाले वाटे का साहेबाच्या तोंडात नळ लावला हाये!"

बळीराम, मी भाषेविषयी पुष्कळ मोठी पुस्तकं वाचली. इतकं मोठं वाक्य त्यात नव्हतं. ज्या लोकांनी अडखळण्यासाठी इतके शब्द घडवले, ते लोक किती अडखळले असतील! त्या टेबलापलीकडचे तिघेही.

सिंधू


इंदोरा
२५ फेब्रुवारी १९६८

बळीराम,

जयभीम. या वेळी तुझा निरोप आला. नत्थूने तुझ्याच आवाजात सांगितला: "ताईले म्हना, सारा देश अंग्रेजी हटाओ म्हनून राहिला, अन् तू उलटी शिकवून राहिली."

उत्तर देते. उत्तरेत पाट्यांना डांबर फासताहेत, ते मीही वाचते. हटवा म्हणणारा पुढारी स्वतःच्या मुलाला कुठल्या शाळेत घालतो, ते आधी बघ. मग त्याच्या घोषणेला आवाज दे. ज्याच्या ताटात पंचपक्वान्न आहे, त्याने उपासाचं महत्त्व सांगावं. ज्याच्या ताटात कधी वाढलंच नाही, त्याने उपास करायचा तो कशाचा? मी मराठीची माणूस आहे. माझी सगळी आग मराठीत आहे. पण ज्या दाराला इंग्रजीचं कुलूप आहे, त्या दारापुढे मी मराठीत रडणार नाही. आधी दार उघडीन. मग आत जाऊन कुलूप फेकायचं की ठेवायचं, ते आपण सगळे मिळून ठरवू.

तुझ्यासारखेच इथेही बोलतात. आपले भैय्याजी, ज्यांच्यासोबत मी सभा घेत आले, परवा चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, "सिंधूताई, ज्यायच्याविरुद्ध जिंदगीभर बोलल्या, त्यायच्याच पायाशी बसल्या काय?" मी म्हटलं, "भैय्याजी, पाय सतरंजीवर आहेत, त्यांचेही आणि माझेही. विहिरीवर बसून पाणी अडवणाऱ्याला मी आजही हाकलून लावीन. पण कुणी दोर घेऊन माझ्या दारी आला, तर त्याची जात विचारत तहानेने मरू काय?" भैय्याजी म्हणाले, "दोराचा फास बी होते." मी म्हटलं, "म्हणून तर दोराचं टोक माझ्या हातात ठेवलं आहे."

तरी ते वाक्य मनात राहिलं. रविवारी मी उलटं केलं. दुभाषीजींना म्हटलं, आज तुम्ही खुर्ची धरा. ते उठले आणि धरली. मी सतरंजीवरून मराठीत विचारलं, "ही भाषा तुमच्या लोकांनी स्वतःपाशी दाबून ठेवली, खरं की नाही?"

"खरं."

मी वाट पाहिली. "एवढंच?"

"तुम्ही विचारलं, मी उत्तर दिलं. साक्षीदाराने प्रश्नापेक्षा जास्त बोलू नये."

आयुष्यात मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. आजवर ज्याला ज्याला हा प्रश्न केला, त्याने मला आपल्या आजोबांची उदारता ऐकवली. या माणसाने फक्त 'खरं' म्हटलं आणि उभा राहिला. मग मी विचारलं, "तुम्ही इथे कशासाठी येता?"

तेव्हा ते बोलले. इंग्रजी अमलात सेशन्स कोर्टात ते साहेबाचा प्रश्न साक्षीदाराला मराठीत, हिंदीत करून सांगत, आणि उत्तर साहेबाला इंग्रजीत. खेड्यातून माणसं येत. आपली माणसं, गोंड माणसं. साहेब विचारी, तू शेतात होतास? "हाव जी." तू शेतात नव्हतास? "हाव जी." तूच मारलंस? "हाव जी." दुभाषीजी म्हणाले, "ते उत्तर नव्हतं, बाई. तो नमस्कार होता. समोर खुर्चीवर बसलेल्याला पिढ्यानपिढ्या केलेला नमस्कार. पण कोर्टाच्या कागदावर नमस्कार लिहायला जागा नसते. तिथे 'येस' असं लिहिलं जातं. माझी सगळी नोकरी ते येस ऐकण्यात गेली. आता कानांना दुसरं काही ऐकायचं आहे."

मग सुभद्रा म्हणाली, "दुभाषीजी, बसा आता. तुमी एकदाबी येस सर नाही म्हनले. चहा मी करतो."

आपल्या आजाने कोर्ट पाहिलं नव्हतं, पण तो नमस्कार त्याच्या पाठीत होता. बापाच्या पाठीत होता. तू इंग्रजीत नापास झाला नाहीस, बळीराम. त्या खोलीत तुझ्या तोंडून आजा बोलला. हे मला त्या दिवशी कळलं, आणि तुझ्यापर्यंत ते आजच पोचलं पाहिजे म्हणून नत्थूचा ट्रक थांबवून लिहिते आहे. तो हॉर्न वाजवतो आहे.

सिंधू


इंदोरा
१० मार्च १९६८

बळीराम,

जयभीम. धोंडबाची गोष्ट नत्थूने तुला सांगितली असणार, तो तिथे होता. पण नत्थू गोष्ट सांगताना तिला तेल-तिखट लावतो. मी धोंडबाच्या तोंडून ऐकली तशी लिहिते.

गोदामात काचेच्या बरण्यांच्या पेट्या आल्या होत्या. एक उघडली तर आत सगळा चुरा. माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस कलकत्त्याहून आलेला, तोही तिथे उभा. मुकादमाने बोट दाखवलं ते धोंडबाकडे, कारण पेटीजवळ तो होता. कंपनीच्या माणसाने इंग्रजीत विचारलं, यू ड्रॉप्ड इट? हाव म्हटलं असतं तर धोंडबाचं काम त्याच दिवशी गेलं असतं. घरी चार पोरं आहेत.

धोंडबा सांगतो, "मान हालली होती ताई. अर्धी खाली गेली होती." मग त्याने हात मागे नेले आणि ट्रकचं फाळकं दोन्ही हातांनी धरलं. खुर्चीच्या पाठीसारखं. "नो सर," तो म्हणाला. मुकादम ओरडला. धोंडबाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "इट केम ब्रोकन." तो माणूस भराभर काही बोलला. धोंडबा म्हणाला, "आय बेग युवर पार्डन." आणि बळीराम, तो कलकत्त्याचा साहेब थांबला. सावकाश पुन्हा बोलला, आणि त्यालाच वाटलं की हे अजून सोपं करावं, म्हणून शेवटी हिंदीत बोलला. मग धोंडबाने त्याला पेटीतला पेंढा काढून दाखवला. पेंढा चोपला जाऊन तळाशी बसला होता, म्हणजे बरण्या वाटेतच एकमेकींवर आदळत आल्या होत्या. माणसाने मान डोलावली. बस्स. धोंडबा दुसऱ्या दिवशी कामावर गेला, रोजच्यासारखा.

वर्गात टाळ्या पडल्या तर धोंडबाला आवडल्या नाहीत. म्हणाला, "आता मुकादम मले बॅरिस्टर म्हनून हाक मारते. अन् बॅरिस्टरच्या डोक्यावर दोन पोते जास्त देते." दुभाषीजी म्हणाले, "मग?" धोंडबा म्हणाला, "मंग काय? एक म्या खाली ठेवलं. नो सर म्हनलं."

चाळिशीचा माणूस. अंगठ्याच्या जागी सही करायला दोन वर्षांपूर्वी शिकला. एवढ्याशा तीन शब्दांनी त्याने आपलं पोट वाचवलं. मी मंचावरून हजारोंना 'उठा' म्हणत आले. धोंडबाला ताठ उभं राहताना पाहिलं आणि माझी मान आदराने खाली गेली. हे वाकणं वेगळं, ते मला चालतं.

आता तुझं. मुलाखत मंगळवारी, २६ तारखेला. मी सगळं ठरवलं आहे. आदल्या बुधवारी नत्थू तुला ट्रकमध्ये घेऊन येईल, त्याला मी तसं बजावलं आहे. तुझ्या शेठलाही चिठ्ठी लिहिली आहे. रोज दुभाषीजींकडे तुझी तयारी. पांढरा सदरा आईने धुऊन ठेवला आहे. तुला फक्त ट्रकमध्ये बसायचं आहे. कारणं ऐकणार नाही.

सिंधू


इंदोरा
१९ मार्च १९६८

बळीराम,

जयभीम.

तुझं कार्ड आलं. तुझ्या हाताचं, आणि इंग्रजीत. आय विल नॉट कम. यू वेअर नॉट इन दॅट रूम. प्लीज डू नॉट डिसाइड फॉर मी. खाली नाव. एवढंच.

पहिल्यांदा माझा तिळपापड झाला, तो लपवत नाही. मी येणार नाही. त्या खोलीत तू नव्हतीस. माझ्या वतीने ठरवू नकोस. तुला हातावर खेळवलेल्या बहिणीला हे! मी कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आदळआपट करत होते. आई चुलीपाशी. म्हणाली, "काय लिवलं पोरानं?"

"नाही म्हणतो."

"कोनाले?"

"मला."

आईने फुंकणी खाली ठेवली. "तुले? तुले नाही म्हनला? अन् अंग्रेजीत?" आणि आपली पार्वतीबाई, जिला आपले वडील गेल्यापासून मी खळखळून हसताना पाहिलं नव्हतं, ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसताहसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सिंधू, साऱ्या वस्तीत तुले नाही म्हननारा मानूस नाही वं! साहेबाच्या बापाची काय बिशाद मंग?"

मी चुलीपुढेच बसले. कार्ड पुन्हा वाचलं. राग गेला आणि मला त्या तीन ओळी दिसायला लागल्या. बळीराम, त्यात एकही 'येस' नाही. एकही विनंतीअर्ज नाही. गाईवरचा निबंध नाही. हे तुला कुणी पाठ करून दिलं नव्हतं. जे म्हणायचं होतं तेच तू म्हणालास, आणि ज्याला म्हणायचं होतं त्याच्या तोंडावर म्हणालास. चूक एक नाही. आणि असती तरी काय!

रविवारी वर्गात मी ते वाचून दाखवलं. दुभाषीजींनी डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "प्रश्नापुरतं उत्तर. एक शब्द जास्त नाही. हा साक्षीदार मी कोर्टात कधी पाहिला नाही." धोंडबा म्हणाला, "बळीरामले जन्मभर चहा माफ!" सुभद्रा मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, पन तो तुमालेच बरोबर सांगून राहिला." मी म्हटलं, "होय, बरोबर सांगतो आहे." त्यावर दुभाषीजी म्हणाले, "मुलाखतीला जायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. तुम्ही त्याला ओढून आणाल, तर तो तिथे पुन्हा तुमचंच 'हो' म्हणेल. पण तुम्ही मला सांगितलेल्या साहेबाच्या त्या प्रश्नाला त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. ते त्याचं उत्तर आहे, साहेबांचं नाही. ते तुम्हाला त्याच्याकडे मागता येईल."

म्हणून नत्थूला दिलेला हुकूम मी मागे घेतला. तुझ्या शेठला लिहिलेली चिठ्ठीही मागे घेतली. तू येणार नाहीस म्हणालास, ते मी मानलं. त्या खोलीत मी नव्हते, हेही मानलं. जे तुझ्यावर गुजरलं ते मी भाषणात घालण्यासारखं नाही.

आता जे मागते ते मागणंच आहे. याला तू नाही म्हणू शकतोस, आणि ते मी ऐकून घेईन.

त्या कचेरीसाठी येऊ नकोस. या रविवारी, २४ तारखेला, काटोलहून सकाळची पहिली एस.टी. धर आणि विहारात ये. तुझी सगळी माणसं सतरंजीवर बसलेली असतील. खुर्चीमागे उभा राहा. मी साहेबाचा तोच प्रश्न विचारीन, त्याच इंग्रजीत, त्याच सुरात. दुभाषीजींनी मला तो सूरही शिकवला आहे. तू उत्तर दे. त्यानंतर मंगळवारी कचेरीत जायचं की संत्र्यांकडे परतायचं, तो निर्णय तुझा. मी तोंडातून शब्द काढणार नाही.

आई समोर बसणार आहे. तिला इंग्रजी येत नाही. पण आपला मुलगा वाकला आहे की उभा आहे, एवढं तिला कुठल्याही भाषेत कळतं.

रविवारी ये, आणि त्या प्रश्नाला उत्तर दे.

तुझी ताई
सिंधू